'पीसफुल ईझी फीलिंग' हे जोडप्याचं गाणं नाहीच

नावाडी

ईगल्स या अमेरिकन बँडचं 'पीसफुल ईझी फीलिंग' जोडप्यांचं गाणं म्हणून सर्रास वाजतं. लग्नाच्या वाढदिवसाचे फोटो एकामागून एक सरकतात आणि मागे हे. माझं म्हणणं असं की हे गाणं एकट्या माणसाचं आहे, आणि ते कसं जन्मलं हे कळलं की तसंच ऐकू येऊ लागतं.

ते ईगल्सपैकी कुणीही लिहिलेलं नाही. जॅक टेम्पचिन हा सॅन डिएगोचा गीतकार, त्या काळात कॉफीहाऊसांमधून गिटार घेऊन गाणारा. एकदा तो एल सेंट्रोला गायला गेला. मेक्सिकोच्या सीमेलगतचं, वाळवंटातलं हे गाव. तिथल्या वेट्रेसबरोबर रात्र जाईल अशी त्याला आशा होती. ती मात्र काम संपवून एकटीच आपल्या घरी गेली. टेम्पचिन क्लबच्या जमिनीवर आडवा झाला आणि स्वतःच्याच कार्यक्रमाच्या पोस्टरच्या पाठीवर हे गाणं लिहायला लागला. पुढे सॅन डिएगोत रस्त्यावर एक सावळी मुलगी दिसली, कानात फिरोज्याचे डूल घातलेली. ओळख ना पाळख, पण ती पहिल्या ओळीत जाऊन बसली. शेवटी शेवटी तर एका हॉटडॉगच्या दुकानाबाहेर थांबलेला असताना त्याने गाणं पुढे नेलं. ही सगळी हकिकत त्याने स्वतःच वेळोवेळी सांगितली आहे.

म्हणजे गाण्यातली 'ती' एकच बाई नाही, आणि त्याला मिळालेली तर कुणीच नाही. आता शब्द बघा. चांदण्यात, वाळवंटात तुझ्याजवळ झोपावंसं वाटतं, असं तो म्हणतो. वाटतं, एवढंच. शेवटच्या कडव्यात मन एका बाजूने सांगतं की ही सखीही होईल आणि मैत्रीणही, आणि दुसऱ्या कानात कुणीतरी कुजबुजतं की ही पुन्हा दिसणारही नाही. ध्रुवपदाचा आशय असा: तू मला खाली पाडू शकणार नाहीस, मी आधीच जमिनीवर उभा आहे. हे बोलणं हातातली आशा सोडून दिलेल्या माणसाचं आहे. त्याला आलेलं हलकेपण त्या सोडण्यातून आलंय. तिच्या मिठीत ते त्याला मिळालेलं नाही.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. आकाशवाणीवर भावगीत लागलं की गीतकार, संगीतकार, गायक, तिन्ही नावं सांगतात. टेम्पचिनने शब्द आणि चाल दोन्ही केले, तरी जगभर हे 'ईगल्सचं गाणं'. २०१९ मध्ये त्याला अमेरिकेच्या सॉन्गरायटर्स हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, म्हणजे गाणं बाजारात येऊन सत्तेचाळीस वर्षं उलटल्यावर. गाण्याचा पहिला मान लिहिणाऱ्याचा असला पाहिजे.

स्वरधुनी

पहिल्या मुद्द्यावर नंतर येते. दुसरा अजिबात पटला नाही.

गाणं बँडकडे कसं गेलं हेही सांगायला हवं होतं. टेम्पचिन लॉस एंजेलिसला गायक-गीतकार जॅक्सन ब्राउनच्या घरी उतरला होता. ग्लेन फ्राय तिथे आला, त्याने हे ऐकलं आणि आपल्या नव्या बँडसाठी, म्हणजे ईगल्ससाठी, मागितलं. बँड जमून तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. दुसऱ्या दिवशी फ्राय कॅसेटवर त्यांनी वाजवलेलं गाणं घेऊन हजर. एका दिवसात ज्यांना त्या गाण्यात पुढचं काही दिसलं, त्यांचा वाटा नुसत्या हमालीचा कसा?

ध्वनिमुद्रण १९७२ च्या सुरुवातीला लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत झालं, निर्माता ग्लिन जॉन्स. या बँडला पहिल्यांदा स्टेजवर ऐकलं तेव्हा जॉन्सला ते फारसे आवडले नव्हते. नंतर तालमीत साध्या गिटारी घेऊन चौघं एकत्र गायले आणि त्याचं मत फिरलं. ध्रुवपदात फ्रायच्या आवाजाला बाकीचे आवाज येऊन मिळतात ती जागा ऐका. मग बँडमधल्या बर्नी लेडनची गिटार. तिच्यात बी-बेंडर बसवलेला आहे. गिटारची मान खाली दाबली की खांद्याचा पट्टा ताणला जातो आणि आतली यंत्रणा एक तार पूर्ण स्वराने वर चढवते. त्यामुळे साध्या इलेक्ट्रिक गिटारमधून पेडल स्टीलसारखी (पायातल्या पेडलने तारा ताणायची आडवी गिटार) मींड निघते. तुम्ही ज्या हलकेपणाबद्दल लिहिलंत ते निम्मं त्या तारेतून येतं. पोस्टरच्या पाठीवर ते नव्हतं.

कोराकागद

माझा आक्षेप वेगळाच आहे. गाण्यामागची गोष्ट कळल्यावर 'खरा अर्थ' लागतो हे गृहीतकच मला मान्य नाही. या गोष्टी गीतकार गाणं गाजल्यावर सांगतात, पुन्हा पुन्हा सांगतात, आणि सांगता सांगता त्यांना घाट येतो. वेट्रेस, पोस्टर, जमीन, हॉटडॉग. इतकी नेटकी मांडणी त्या रात्री कुणाच्याही डोक्यात नसणार. टेम्पचिन खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, पण ही हकिकत गाण्याच्या नंतरची रचना आहे. तिला गाण्याची किल्ली करू नका.

'देअर ग्रेटेस्ट हिट्स' या संग्रहात हे गाणं आहे. त्या संग्रहाच्या अमेरिकेतल्या विक्रीवर २०१८ मध्ये ३ कोटी ८० लाख प्रतींचा शिक्का बसला. तो घेणाऱ्या बहुतेकांना एल सेंट्रो नकाशावर दाखवता येणार नाही. त्यांनी चुकीचं ऐकलं का? जोडप्याने ते आपलं मानलं तर ते त्यांचं झालं.

इरावती_एसडी

मी सॅन डिएगोलाच राहते, म्हणून थोडा भूगोल. इथून एल सेंट्रो पूर्वेला साधारण १९० किलोमीटर. इंटरस्टेट ८ ने डोंगर चढायचा, मग दगडांच्या राशींमधून रस्ता एकदम उतरतो आणि खाली इंपीरियल व्हॅली पसरलेली दिसते. गाव समुद्रसपाटीच्याही थोडं खाली आहे. पाणी कोलोराडो नदीतून कालव्याने आणलेलं, म्हणून एकीकडे हिरवीगार शेतं आणि शेताच्या कडेला लगेच वाळू. रात्री शहराबाहेर पडलं की आकाश खरोखर ताऱ्यांनी भरून जातं. गाण्यातला वाळवंट शोभेसाठी आणलेला नाही, एवढं तरी ही गोष्ट सिद्ध करते. कोराकागद, गोष्टीला इतकं परकं करू नका.

पण नावाडी, तुमच्या मांडणीत एक माणूस कुणी पाहिलंच नाही. ती वेट्रेस. रात्रपाळी संपवून ती घरी गेली, बस्स. तिच्याकडून कुणाला काही येणं नव्हतं. असा नकार मिळाल्यावर पुरुषांनी लिहिलेली गाणी आपण किती ऐकतो! ती निष्ठुर, ती फसवी, तिने काळीज तोडलं. या गाण्यात तिच्यावर एक शब्दाचा दोष नाही. बाई जिवाचं काय करू शकते ते मला ठाऊक आहे, असं तो दुसऱ्या कडव्यात म्हणतो, पण लगेच पुढे म्हणतो की ज्या वाटेने जायचं मला आधीच माहीत नाही, त्या वाटेने ती मला नेऊ शकत नाही. जबाबदारी स्वतःकडे घेतली. माझ्या लेखी गाण्याचं मोठेपण इथे आहे, आणि ते गोष्ट माहीत असल्याशिवाय पुरतं दिसत नाही.

रानवारा

मग ती डूलवाली सावळी मुलगी? तिची तर त्वचा आणि दागिना एवढंच आलं गाण्यात. नाव नाही, आवाज नाही. एका बाईबाबत संयम आणि दुसरीचं चित्र करून टाकलं. मला गाणं आवडतं, पण ही ओळ प्रत्येक वेळी खुपते.

इरावती_एसडी

रानवारा, मान्य आहे, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. रस्त्यावर दिसलेल्या बाईचं गाणं म्हटलं की हे होतंच, आपल्या मराठी गाण्यांतही झालंय.

नावाडी

इरावतीताई, वेट्रेसबद्दलचं तुमचं म्हणणं माझ्या मुद्द्याला बळ देतं असं मला वाटतं. तो दोष देत नाही कारण त्याने मागणंच सोडलंय.

कोराकागद, कुणी चुकीचं ऐकलं असं मी म्हटलेलं नाही. पण अर्थ ऐकणाऱ्याचा म्हणून सगळे अर्थ सारखे, हेही मला पटत नाही. 'पुन्हा दिसणारही नाही' ही ओळ गाण्यात छापलेली आहे, ती काही टेम्पचिनने नंतर मुलाखतीत जोडली नाही. जोडप्यांचा व्हिडिओ बहुतेक त्याआधीच संपतो.

स्वरधुनी, बँडच्या कामाला मी कमी लेखत नाही. नावांचा क्रम बदला, एवढंच मागतोय.

स्वरधुनी

आता पहिल्या मुद्द्यावर येते, कारण 'मागणं सोडलंय' हे मला गाण्यात ऐकूच येत नाही.

सोडून दिलेला माणूस तेच वाक्य इतक्यांदा म्हणत नाही. मी शांत आहे, मी जमिनीवर आहे, मी पडणार नाही, हे ध्रुवपदातून तो पुन्हा पुन्हा सांगतो. कुणाला सांगतोय? क्लबमध्ये तर कुणी उरलेलं नाही. मला ते स्वतःची समजूत घालणं वाटतं, आणि त्यात दुखरेपण आहे. संगीतही तेच सांगतं. चाल ई आणि ए या दोन कॉर्डांमध्ये झुलत राहते, पुढे सरकायला तयार नसते. एका जागी बसून स्वतःला डोलवणाऱ्या माणसाची ती लय आहे. लेडनची चढणारी तार मध्येच जे विचारते त्याचं उत्तर शब्दांत कुठेच येत नाही.

म्हणून तुमचं 'आशा सोडलेल्या माणसाचं गाणं' मी खोडून काढते. त्याला ती अजून हवी आहे. शेवटच्या कडव्यात सखीची शक्यता तो आधी मांडतो आणि निरोपाची भीती नंतर. आशा सोडलेल्या माणसाला ती पुन्हा न दिसण्याची भीती कशाला वाटेल?

कोराकागद

एका गोष्टीवरून तीन अर्थ निघाले आणि तिघंही शब्दांवर बोट ठेवून बोलताय. माझा मुद्दा नेमका हाच होता.

नावाडी

नाही, तिघांचेही अर्थ ती रिकामी खोली गृहीत धरूनच निघालेत. लग्नाचा वाढदिवस अजून कुणीही सिद्ध केलेला नाही. कुणाला शब्दांतून तो अर्थ काढून दाखवायचा असेल तर जरूर लिहा, कडव्याचा हवाला देऊन.