“माझं मत आहे” म्हटलं की विषय संपतो?

नीरक्षीर: काल इथे एकाने लिहिलं, “मत कधी चूक नसतंच, ज्याचं त्याचं असतं.” डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. निळा रंग आवडत नाही, ही आवड. तिथे वाद नाही. “लस घेऊन काही फरक पडत नाही” हे विधान, ते तपासता येतं. “लहान मुलांना फोन देऊ नये” हे मत, त्याला कारणं द्यावी लागतात. तिन्हींवर एकच पाटी लावायची आणि प्रश्न आला की दार लावून घ्यायचं! मत आणि मनन एकाच ‘मन्’ धातूचे. विचारच केला नसेल तर ते मत कसलं?

आडवाट: धातू कशाला उगाळताय? ‘राजीनामा’ मूळचा संमतीपत्र, म्हणून आता तोच अर्थ लावायचा? आणि मतपेटीत टाकतो तेही मतच. तिथे कोणी कारण विचारतं?

नीरक्षीर: नाही विचारत. पण पेटीतलं मत कोणाला काही पटवायलाही जात नाही. तुम्ही इथे पटवायला येता.

शुद्धपक्ष: मूळ विषय राहू द्या, आधी ते ‘वैयक्तिक मत’ बंद करा. मत काय शेजाऱ्याचं असतं? वर “माझ्या मते मला असं वाटतं”! एका वाक्यात दोनदा मीच.

गारगोटी: असतं वैयक्तिक. मी संस्थेच्या वतीने बोलते तेव्हा संस्थेची भूमिका मांडते, घरी माझी वेगळी असते. तो शब्द नसता तर माझी नोकरी गेली असती.

शुद्धपक्ष: तुमच्यापुरतं मान्य. बाकीचे निव्वळ सवयीने चिकटवतात.

आडवाट: सवयीने नाही, नम्रपणे. ‘माझ्या मते’ म्हटलं की समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. तेवढीही नको का?

उंबरठा: त्या जागेची किंमत आम्ही मोजली आहे. बाबांना मधुमेह. पायाचा अंगठा काळसर पडलेला. डॉक्टरांनी घोट्यामागे बोटं ठेवून नाडी शोधली, बराच वेळ. मग म्हणाले, “माझ्या मते आजच अ‍ॅडमिट करा.” काका म्हणाले, “मतच आहे ना, दोन दिवसांनी दुसऱ्याला विचारू.” अंगठा काढावा लागला. त्या ‘मते’मागे न लागणारी नाडी होती. आम्हाला ऐकू आलं ते फक्त ‘वाटतं’.

आडवाट: वाईट झालं, खरंच. पण दोष शब्दाचा नाही, काकांच्या कानांचा. आणि कारण सांगता आलं नाही म्हणून मत खोटं ठरत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात हेच आहे: लारिसा या ग्रीक शहराचा रस्ता नुसत्या अंदाजाने बरोबर सांगणाराही माणसाला लारिसालाच पोचवतो.

नीरक्षीर: पुढचं का गाळलंत? तिथेच म्हटलंय की असं मत कारणाने बांधून ठेवलं नाही तर पळून जातं. डॉक्टरांकडे दोर होता. “का?” एवढं विचारलं असतं तर त्यांनी दाखवला असता.

आडवाट: बरं, विचारायला हवं, हे कबूल. सांगायलाच हवं, हे नाही.

शुद्धपक्ष: आणि ‘वैयक्तिक’?

गारगोटी: ते मी लिहिणारच.