अनुभव धागा : मुलांना घरी शिकवायला बी.एड. लागतं का?

पाटीपेन्सिल
मुलाला घरीच शिकवतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "तू शिक्षिका आहेस का?" नाही. डी.एड. नाही, बी.एड. नाही. पदवी कुठे कामी आली, कुठे तिच्यावाचून अडलं, ते लिहा. तात्त्विक वाद नकोत, प्रत्यक्ष काय झालं ते हवंय.

उनाडमांजर
माझं बी.एड. झालंय, शाळेत शिकवलंयही. त्यातलं बरंचसं वर्ग सांभाळण्यासाठी होतं : पाठ टाचण, फलकलेखन, मागच्या बाकावरची कुजबुज. घरी त्याचं काय करणार?

उपयोग झाला तो चुका वाचण्याचा. लेकीने ५२ − ३८ = २६ लिहिलं. नवऱ्याला वाटलं, धांदरटपणा. पण तिने दोन्हीकडे मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता, ८ मधून २ आणि ५ मधून ३. वर्गात ही चूक कायम दिसायची. दशक सुटा करणं कळलेलंच नसतं, मग तशीच आणखी वीस गणितं घालून चूक पक्की होते, बाकी काही नाही. काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवले तेव्हा उमगलं.

तेव्हापासून उत्तर चुकलं की नवरा आधी विचारतो, "कसं केलंस?" त्याचा बी.एड.शी काडीचा संबंध नाही, पण हल्ली माझ्याआधी चूक त्यालाच सापडते!

गुपचूप_वाचक
दहावीनंतर मी शाळा सोडली. बीजगणित मुलासोबत पुन्हा शिकतोय. कधी तो पुढे, कधी मी.

दूरदेशी
आम्ही अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यात. इथे पात्रता खरंच बघतात. कॉलेजचे ४५ क्वार्टर क्रेडिट्स (म्हणजे साधारण वर्षभराचा अभ्यास), नाहीतर होमस्कूलिंगचा कोर्स, नाहीतर प्रमाणित शिक्षकाची देखरेख. मी कोर्स केला, त्यात शिकवण्यापेक्षा नोंदी ठेवण्यावरच भर होता. बहीण इंग्लंडमध्ये आहे. तिथल्या १९९६ च्या शिक्षण कायद्यानुसार मुलाला योग्य, पूर्णवेळ शिक्षण मिळण्याची जबाबदारी पालकांची, मग ते शाळेत असो वा अन्य मार्गाने. पालकाला पदवीची अट नाही. जर्मनीत तर हा प्रश्नच उरत नाही, तुम्ही प्राध्यापक असलात तरी मूल शाळेत जायलाच हवं.

खडूफळा
मी विशेष शिक्षिका. वरचा उत्साह थोडा आवरते. डिस्लेक्सिया (अक्षरं-शब्द वाचण्यातली अडचण) असलेली हुशार मुलं चित्रावरून, संदर्भावरून, पाठांतरावरून इतकं बेमालूम वाचतात की घरच्यांना शंकाही येत नाही. एका ओळीत नीट वाचलेला शब्द पुढच्या ओळीत अडला, तर लक्ष द्या. 'टपूळ', 'गिमट' असे अर्थ नसलेले शब्द वाचायला द्या, तिथे अंदाज चालत नाही. मूल सतत अडलं तर तज्ज्ञांकडून तपासून घ्या. हे ओळखायला मला बी.एड.ने शिकवलं नाही, ते वेगळं प्रशिक्षण होतं.

घरशाळेतला
मी घरीच शिकलो. आईबाबांना रसायनशास्त्र येत नव्हतं, तसं त्यांनी सरळ सांगितलं आणि एका निवृत्त प्राध्यापकांकडे पाठवलं. विषय कुठलाच अडला नाही. अडलं ते वेळ लावून लिहिणं. पहिल्या मोठ्या परीक्षेत उत्तरं येत असून अर्धा पेपर कोरा राहिला. शाळेतल्या मुलांना चाचण्यांमुळे ही सवय आपोआप लागते.

पाटीपेन्सिल
@खडूफळा, हे निरर्थक शब्द कोणत्या वयापासून द्यायचे? माझा अजून जोडाक्षरांपर्यंत पोचलेला नाही.