पणजीत छोट्या हॉटेलात बाहेर बसून जेवण, चौदा माणसं – गच्ची, व्हरांडा की अंगण?

शलाका_डोंबिवली
नमस्कार मंडळी. आईबाबांच्या लग्नाला नोव्हेंबरात 40 वर्षं होतायत. दोन्ही घरची मिळून आम्ही चौदा जण पणजीला जातोय. फोंतेन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीत जुन्या घराचं छोटं हॉटेल केलंय, तिथे खोल्या घेणार आहोत. रात्रीचं जेवण तिथल्याच रेस्टॉरंटात, पण बाहेर बसून हवंय. त्यांनी तीन जागा सांगितल्यात: मागचं अंगण, पहिल्या मजल्याचा रस्त्याकडचा व्हरांडा आणि गच्ची. फोटोत गच्ची एक नंबर दिसते, दिव्यांच्या माळा वगैरे. बाबांचा एक गुडघा बदललाय, सासूबाई पक्क्या शाकाहारी, आणि दोन पोरं अजून शाळेत धड जात नाहीत. तारीख 22 की 29 ते ठरायचंय. माहितगारांनी सांगा.

मानसी_पर्वरी
29 घ्या. 20 नोव्हेंबरच्या सुमारास इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) सुरू होतो आणि आठवडाभर चालतो. त्या दिवसांत पणजीत खोल्या महाग, टॅक्सी मिळत नाही, आणि रेस्टॉरंटवाल्यांचं लक्ष दहा ठिकाणी. 29 ला जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या फेस्ताची वर्दळ असेल (ते 3 डिसेंबरला), पण त्याचा फोंतेन्हासला फारसा त्रास नाही. ट्रेनने येणार असाल तर करमळीला उतरा, मडगावला नको.

बांद्याचा_कॅप्टन
ताई, मी बांद्याचा, पण निम्मी नोकरी पणजीच्या हॉटेलांत कॅप्टन म्हणून झाली. गच्ची विसरा. तो फोटो संध्याकाळी सव्वासहाचा असतो, आभाळ निळं असतानाचा. तुम्ही बसणार साडेआठला. माळेच्या उजेडात माणसाचा चेहरा छान दिसतो, माशाचा काटा दिसत नाही. बरोबर लहान पोरं आहेत, तेव्हा टेबलावर नीट उजेड पाहिजे. मेणबत्त्या फोटोपुरत्या लावा आणि मग उचलायला सांगा.

आणि या जुन्या घरांत स्वयंपाकघर बहुतेक तळमजल्यावर, मागच्या अंगाला. जिना लाकडी, उभा, अरुंद. बाबांना तर त्रास होईलच, पण जेवणालाही होतो. रवा लावून तळलेला चोणक मासा कढईतून निघाल्यावर चार-पाच मिनिटंच खरा. पोऱ्या ट्रे घेऊन दोन जिने चढणार, वर वारा, त्यात चौदा ताटं. शेवटच्याच्या पानात पडेपर्यंत रवा मऊ. मग पाहुणा म्हणतो मासा ताजा नव्हता, आणि आचारी शिव्या खातो.

व्हरांडा मला स्वतःला सगळ्यात आवडतो. 31 जानेवारी रस्त्यावरच्या पणजिम इन हॉटेलच्या वरच्या व्हरांड्यात दुपारी एकट्याने बसून बघा कधी, उठवत नाही. पण तो दोघांचा, फार तर चौघांचा. चौदा जण तिथे बसले की पंगत होते, या टोकाच्याला त्या टोकाचं काही ऐकू येत नाही, म्हणून सगळे मोठ्याने बोलतात. आणि खाली समोर लोक राहतात हो. गल्ली एवढी चिंचोळी की समोरच्या घरातली आजी तुमच्या ताटात काय आहे ते सांगेल. पर्यटकांना कंटाळून तिथल्या लोकांनी दारांवर फोटो काढू नका, आवाज करू नका अशा पाट्या लावल्यात, आणि बरोबर केलंय त्यांनी. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला कायद्यानेच बंदी आहे, 2000 सालच्या नियमांपासून. बाबांसाठी जुनी गाणी लावायची असतील तर आधीच उरका.

म्हणजे राहिलं अंगण. तेच घ्या, पण तीन गोष्टी फोनवर पक्क्या करा.

डास. ओरेंची खाडी जवळ, बहुतेक घरांत विहीर. हॉटेलवाले टेबलाखाली कॉइल पेटवतात, त्याचा वास थेट सोलकढीला लागतो. त्यापेक्षा दोन उभे पंखे मागा, मान खाली वळवून, झोत पायांवर. डासाला वाऱ्यात उडता येत नाही आणि चावतो तो टेबलाखालीच. पंखे पाहुण्यांच्या तोंडावर सोडले तर जेवण गार होतं आणि बायका केस सावरत बसतात.

टेबल. जुनी अंगणं चिऱ्याची, कुठे खाली कुठे वर. लांबलचक एकच टेबल मांडू देऊ नका, सात-सातची दोन, काटकोनात. बाबांना कोपऱ्यावर हाताची खुर्ची, म्हणजे उठताना कुणाला हलावं लागत नाही. बसायच्या अर्धा तास आधी कुणीतरी जाऊन प्रत्येक टेबलाचा कोपरा तळव्याने दाबून बघा. डुगडुगत असेल तर पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालायला लावा. सूप सांडल्यावर घालतात ती घडी, आधी कुणी घालत नाही.

जेवण. बुफे म्हणतील, त्यांना सोपा पडतो. उघड्यावर चेफिंग डिशखालची (बुफेतल्या गरम ठेवायच्या भांड्याखालची) ज्योत वाऱ्याने विझते आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. वरून झाकण, आत कोमट शाकुती (भाजलेल्या नारळ-मसाल्याचा रस्सा). टेबलावर वाढायला सांगा. शाकुती, पोरांसाठी काल्दीन (नारळाच्या रसातलं, तिखट नाही), हे हंडीत गरम राहतं. तळलेलं मात्र चार-चार माणसांचं करून आणायचं, सगळ्यांचं एकदम नाही. किसमूर (सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कोशिंबीर) आधी कालवून ठेवू देऊ नका, हवेत दमटपणा असतो, सुंगटं लगेच मऊ पडतात. पोई (गोव्याचा पाव) फडक्यात गुंडाळून.

सासूबाईंना पनीर खायला गोव्यापर्यंत नेऊ नका. खतखतें (बऱ्याच भाज्यांची मिसळ) सांगा, तिरफळं घातलेलं. ऐनवेळी मिळणार नाही, भाज्या जमवाव्या लागतात, आदल्या दिवशी सांगा. आणि हो, तवा-कढई वेगळी का ते विचारा. छोट्या किचनमध्ये बहुतेक वेळा नसते, खरं सांगतात की नाही त्यावरून तुम्हाला माणूस कळेल.

हिशेबनीस
कॅप्टनसाहेब, तोंडाला पाणी सुटलं. मी बिलाचं सांगतो. हॉटेलातल्या रेस्टॉरंटला सरसकट एक दर नाही. आदल्या आर्थिक वर्षात त्या हॉटेलने एखादी खोली जरी दिवसाला 7,500 रुपयांच्या वर दिली असेल, तर जेवणावर जीएसटी 18 टक्के, नाहीतर साधारणपणे 5. छोटी पण महाग हॉटेलं यात हमखास अडकतात. चौदा माणसांच्या बिलात हा फरक दिसतो, तेव्हा भाव विचारताना ‘कर धरून किती’ असंच विचारा. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, ती रक्कम वेगळी येईल.

सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये उचलून धरल्यात. बिलात आपोआप लावला असेल तर काढायला सांगता येतो.

बांद्याचा_कॅप्टन
चार्ज काढा खुशाल, पण मग पोऱ्याच्या हातात काहीतरी ठेवा. चौदा ताटं त्यानेच वाहिलेली असतात.

शलाका_डोंबिवली
सगळ्यांचे आभार! आज फोन केला. 29 ला अंगण मिळतंय. पंखे आहेत म्हणाले, दोन टेबलांना हो म्हणाले. खतखतें करतील, पण किमान सहा जणांचं. तवा वेगळा नाही असं स्वतःहून सांगितलं, सासूबाईंसाठी नवा आणून ठेवतो म्हणाले. बुफेवरून जरा ताणलं त्यांनी. टेबलावर वाढायचं तर दोन माणसं जास्तीची लागतील, त्याचे पैसे वेगळे. द्यावेत का? निम्मी रक्कम आगाऊ मागतायत.

बांद्याचा_कॅप्टन
तवा नाही म्हणाला ना, मग माणूस बरा आहे. दोन माणसांचे पैसे द्या, रास्त आहे. फक्त ती माणसं बाहेरून रोजावर आणणार की त्यांचीच, ते विचारा. रोजावरच्याला कुठलं ताट कुणाचं ते ठाऊक नसतं, सासूबाईंचं ताट घरच्याच स्टुअर्डकडे द्यायला सांगा. निम्मी आगाऊ जास्त होते, तिसरा हिस्सा द्या. पावतीवर ‘अंगण, टेबलावर वाढणे’ असं लिहून घ्या. मोठी पार्टी आली की अंगण तिला जातं आणि तुम्हाला गच्चीवर चढवतात.

मानसी_पर्वरी
आणि पाऊस? नोव्हेंबरअखेरीस सहसा नसतो, पण अरबी समुद्रात काही शिजत असलं तर एखादी सर येते. आत चौदा जणांची जागा त्या रात्री राखून ठेवतील का, तेही त्याच पावतीवर घाला.