घरातले उद्योगी आजोबा: काय करायचे, कसं करायचे?

टिळकरोडकरीण
काल भंगाराच्या हातगाडीवर मर्फी रेडिओ दिसला आणि आमचे अण्णा (सासरे) डोळ्यांसमोर आले. नोकरी पोस्टात, संसार दोन खोल्यांचा आणि उद्योग डझनभर. पेटी (हार्मोनियम), रेडिओ, शाईची पेनं, टपाल तिकिटं, शिवाय दिवाळीत अख्ख्या मजल्याचे आकाशकंदील. तुमच्याकडच्या अशा माणसांबद्दल लिहा. "फार प्रेमळ होते" नको, ते सगळ्यांचेच असतात. हात कसा चालायचा ते लिहा.

पेटीपासून सुरू करते. सूर मुका झाला की अण्णा आधी भाता बघायचे. भाता भरून सोडायचा. एकही पट्टी न दाबता झपकन मिटला तर हवा भात्याच्या चामड्यातून जातेय. भाता ठीक आणि एकच सूर गप्प असेल तर रीडच्या, म्हणजे थरथरून सूर देणाऱ्या पितळी पात्याच्या, जिभेखाली कण अडकलाय. पातळ कागद जिभेखालून सरकवला की बहुतेक वेळा निघतो. सूर उतरला असेल तर जिभेच्या मोकळ्या टोकाला हलकी कानस, म्हणजे चढतो. चढला असेल तर बुडाशी, रिबिटाजवळ खरवडायचं, म्हणजे उतरतो. घासून पितळ गरम होतं. थंड झाल्याशिवाय सूर ठरवायचा नाही. आणि घासलेलं पितळ परत येत नाही, म्हणून दोन घासण्या, की वाजवून बघ.

तबकडी७८
पेटी म्हणताय तर आकाशवाणीवर ती १९४० ते १९७१ बंद होती, हे आमचे नाना अजून रागाने सांगत. त्यांचा जीव मात्र तबकड्यांत. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या लाखेच्या असतात. त्या स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते आणि नाट्यगीताची खरखर होते. किंचित ओलं मऊ फडकं, खोबणीच्या दिशेने गोल, लेबल कोरडं. ठेवायच्या उभ्या, आडव्या रचल्या की खालच्या तडकतात. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी लावायची. ती झिजायलाच बनवलेली असते. तुम्ही वाचवलीत तर तबकडी झिजते. आणि एलपीची (नंतरच्या लाँग-प्ले तबकडीची) बारीक सुई ७८ वर नको, खोबणीच्या तळाशी घासत जाते.

चकलीबाई
पोळ्या करता करता वाचतेय 😀 अण्णांचा कंदील चिकटवायची खळ कशी करायचे? बाजारचा गोंद कामट्यांवर धरत नाही.

केळशीकर
आमचे तात्या. मास्तरकी, शिमग्यात नमनाला मृदुंग, आणि पावसाळा सुरू झाला की आंब्याची कोय कलमं.

रायवळच्या (गावठी आंब्याच्या) कोया पावसाच्या तोंडाला रुजत घालायच्या. रोप पंधरा-वीस दिवसांचं, पानं तांबूस असतानाच घ्यायचं. दांडा हिरवा-कडक झाला की जोड बसत नाही. त्यावर जोडायची हापूसची काडी झाडावर असतानाच तयार करायची. तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी, १० ते १५ सेंटिमीटर. आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून पानं छाटायची, म्हणजे टोकाचा डोळा फुगतो. मग रोप कोयीच्या वर चार बोटांवर कापायचं, मधोमध ४-५ सेंटिमीटर उभी चीर आणि काडीला तेवढीच दोन्ही बाजूंनी तासलेली पाचर. जाडी जुळत नसेल तर निदान एका बाजूला साल सालीला भिडली पाहिजे. दोन्हीकडे मध्यावर ठेवलीत तर दोन्हीकडून गेलं. प्लॅस्टिकची पट्टी खालून वर गुंडाळायची, कौलं एकावर एक येतात तशी, म्हणजे पाणी आत शिरत नाही.

मरतात का? एक, जोडात पाणी शिरून कुजतात. दोन, चाकूला धार नसते आणि काप चेंगरतो. तीन, काडी तोडून दिवसभर पिशवीत ठेवलेली असते. जगल्यावरही काम संपत नाही. जोडाखालचे कोंब खुडत राहायचं, नाहीतर रायवळ फोफावतो आणि हापूस उपाशी. पट्टी वेळेवर सोडायची, नाहीतर तिचाच फास लागतो.

उपाशी_हापूस
आयडी बदलून घेतला 😂

चकलीबाई
हापूस कापला की आत साका (पांढरट, स्पंजासारखा खराब गर) निघतो त्याचं काय करायचे तात्या?

केळशीकर
काही नाही, शिव्या द्यायचे. बाहेरून कळतच नाही. म्हणून बांधावर रत्नाची दोन झाडं होती. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला नीलम आणि हापूसचा संकर, त्यात साका नसतो. पण पाहुण्यांना रत्ना आणि घरच्यांना हापूस असा त्यांचा न्याय.

निळी_शाई
शाईच्या पेनांवर कुणीच लिहीना. वाळलेलं पेन गरम पाण्यात टाकू नका, एबोनाइट (कडक काळं रबर) तपकिरी पडतं. स्पिरिटही नाही, सेल्युलॉइड (जुनं प्लॅस्टिक) जातं. साधं पाणी, रात्रभर, सकाळी पाणी बदलून परत. नळीत थेट शाई भरायच्या पेनाने डाग पडतो तो शाई कमी झाल्यावर. हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि शाई ढकलते. म्हणून आमचे आजोबा पाव उरली की भरायचेच. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा एक ठिपका. शाई अर्थात कॅम्लिन.

सोल्डर
@टिळकरोडकरीण, तो मर्फी घेतला असेल तर कृपा करून थेट प्लगमध्ये घालू नका!! वर्षानुवर्षं बंद सेटातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सुकलेले असतात. ते शॉर्ट झाले की रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर घेऊन जातात. आधी ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब (एलईडी नव्हे) सिरीजमध्ये लावा. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर लगेच बंद. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, बोटं घालू नका. पाठीमागे रेडिओच्या लायसनचं पुस्तक चिकटवलेलं असेल तर तेही जपा, पोस्टात दरवर्षी फी भरावी लागायची.

टिळकरोडकरीण
नाही हो, मी दुसऱ्या बाजूला होते, सिग्नल सुटला. चकलीबाई, खळ: १ वाटी मैदा, ५ वाट्या गार पाणी, गुठळी मोडूनच मंद आचेवर. पारदर्शक दिसायला लागली की उतरवायची. चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. मोरचूद विषारी, स्वयंपाकाचं पातेलं वापरू नका आणि मुलांना चाटू देऊ नका.

ध्रुवमत्स्य
पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था (हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था) १९४४ पासून आहे, तिथल्या पिढीतले आमचे काका. बँकेतून आले की दुर्बिणीचा ६ इंची आरसा घासायला बसत. सारख्या मापाच्या दोन जाड काचा, मध्ये कार्बोरंडम (घासायची पूड) आणि पाणी. वरची काच खोलगट होते, खालची फुगीर. ४८ इंच नाभीय अंतराला मध्यभागी खोली जेमतेम १.२ मिलिमीटर लागते. ८० नंबरच्या जाड पुडीने सुरू करून बारीक बारीक पूड, शेवटी राळेच्या गादीवर सीरियम ऑक्साइड. पूड बदलताना काच, हात, टेबल, बनियनसुद्धा धुवायचं. ८० चा एक कण पुढे आला की ओरखडा, आणि मागच्या पुडीपासून परत.

बडोदेकर
अगदी धावत. आमच्या दादांचा आग्फा क्लिक ३ कॅमेरा, आमच्याच बडोद्यात बनलेला. १२० ची फिल्म, १२ चौकोनी फोटो. मागच्या लाल खिडकीत आकडा बघून फिल्म पुढे न्यायची. विसरलं की एकाच फोटोत सत्यनारायण आणि सिंहगड. जुन्या निगेटिव्हना व्हिनेगरसारखा वास येत असेल तर त्या बाकीच्यांपासून वेगळ्या करा, कागदी पाकिटात. तो वास दुसऱ्यांनाही लागतो.

चकलीबाई
🙏 खळ झाली. आता तिकिटांचं सांगा, सासऱ्यांचे दोन अल्बम कपाटात आहेत, पावसाने पानाला चिकटलेत.

टिळकरोडकरीण
ओढू नका! आधी बघा वापरलेली आहेत की कोरी. वापरलेली पानासकट कापून कोमट पाण्यात १५-२० मिनिटं, आपणहून सुटतात, मग टीपकागदावर पालथी. रंगीत कागदावरची वेगळ्या वाटीत, रंग उतरतो. कोरी पाण्यात घालायची नाहीत, मागचा डिंक गेला की किंमत गेली. १९४८ चं गांधीजींचं दहा रुपयांचं सापडलं तरी पेढे वाटू नका, त्याच्या नकला फार आहेत. आधी जाणकाराला दाखवा.