गच्चीवरचा शनिवारचा सिनेमा

बी-३०४ जोशी वहिनी: शनिवारचा सिनेमा कोणी निवडला? नातू दोन रात्री दिवा लावून झोपतोय. नोटिशीत नुसतं "जुना इंग्रजी टीव्ही सिनेमा" लिहिलेलं. आम्हाला वाटलं काहीतरी हलकंफुलकं असेल.

ए-१०२ कर्णिक: वहिनी, निवड माझीच. "फक्त मोठ्यांसाठी" लिहायचं राहिलं, चूक मान्य. पण 'थ्रेड्स' उगाच घाबरवायला काढलेला नाही. बीबीसीने १९८४ साली टीव्हीवर दाखवला. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरावर अणुहल्ला झाला तर साध्या माणसांचं काय होईल, एवढंच.

सी-६०१ पाटील: प्रोजेक्टरचं भाडं कुठल्या खात्यातून गेलं?

डी-२०५ निनाद: काका, मेकअप किती स्वस्तातला होता 😂

ए-१०२ कर्णिक: हो, भाजलेल्या कातडीसाठी केचप आणि राइस क्रिस्पीज (नाश्त्याचे तांदळाचे कुरमुरे) वापरले होते! तरी अंगावर काटा येतो की नाही? पोरगा-पोरगी लग्नाच्या तयारीत, नवा फ्लॅट सजवतायत. बाजूला इराणच्या बातम्या चालू आणि कोणाचं लक्ष नाही. तेच भिववतं मला. बॉम्ब नंतर.

डी-२०५ निनाद: मला अणुहल्ल्यावरचाच अमेरिकेचा 'द डे आफ्टर' जास्त आवडतो. नोव्हेंबर १९८३, एबीसी चॅनेल. सुमारे १० कोटी लोकांनी पाहिला. तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष रेगननी आधीच पाहून डायरीत लिहिलं, मन फार खिन्न झालं.

ए-१०२ कर्णिक: चांगलाच आहे. हल्ल्यानंतर एकही जाहिरात नव्हती, आपल्याकडे जमेल का? पण त्यात डॉक्टर धीर देत फिरतो. 'थ्रेड्स'मध्ये धीर द्यायला कोणी उरतच नाही.

सी-६०१ पाटील: पुन्हा विचारतोय. प्रोजेक्टरचं भाडं?

सी-१०३ सावंत: 'थ्रेड्स'मधली कमिटी टाऊन हॉलच्या तळघरात भांडत बसते, वर इमारत कोसळते, सगळे आतच मरतात. आपल्या मासिक सभेची आठवण झाली.

ए-५०१ सेक्रेटरी: सावंतसाहेब, विनोद समजला. सभेला कधीतरी या म्हणजे झालं.

सी-१०३ सावंत: आलो होतो. पाण्याच्या टाकीचा विषय मार्चपासून "पुढील सभेत" आहे. शेफिल्डवाल्यांना निदान बॉम्बचं कारण होतं.

बी-३०४ जोशी वहिनी: टाकी राहू दे बाजूला. माझ्या नातवाचं काय?

ए-१०२ कर्णिक: वहिनी, संध्याकाळी पाठवा त्याला माझ्याकडे. केचपची गंमत दाखवतो, भीती जाईल.

बी-३०४ जोशी वहिनी: केचप आमच्याकडेही आहे. बघते.

सी-६०१ पाटील: तिसऱ्यांदा. प्रोजेक्टरचं भाडं कुठून दिलं?

ए-१०२ कर्णिक: माझ्या खिशातून, पाटील. समाधान?

सी-६०१ पाटील: मग नोटीस सोसायटीच्या लेटरहेडवर कशी?