पावसानंतर ओढ्यात इतके मासे कसे लागले?

प्रश्न: तंबूजवळच्या ओढ्यात आदल्या दिवशी गळाला काहीच लागले नव्हते, रात्रीच्या पावसानंतर मात्र किंचित गढूळ पाण्यात सकाळभर एकामागून एक मासे लागत राहिले. फार आनंद झाला, पण यामागचे कारण काय असावे?

उत्तर १: पावसाने काठावरची गांडुळे व कीटक प्रवाहात वाहून येतात, थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो आणि गढूळपणामुळे आपली हालचाल माशांना सहज दिसत नाही, म्हणून ते निर्धास्तपणे खातात. माझ्या मते गांडुळांचा वाटा सर्वांत मोठा.

उत्तर २: सहमत आहे, मात्र पाणी फारच गढूळ झाले, तर आमिषही दिसेनासे होते. तेव्हा गळ काठालगत, मोठ्या दगडाआडच्या संथ पाण्यात सोडावा. तंबूही उंचावर असावा, कारण ओढा अचानक चढतो.