प्रतिसाद: कॉम्प्रेसर लावला की सॅग मिळतो का?

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की गिटारला कॉम्प्रेसर पेडल (मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणारं) असेल तर ट्यूब अँपच्या सॅगची, म्हणजे जोरात वाजवल्यावर अँपमधलं व्होल्टेज क्षणभर खाली येण्याची, गरज नाही. मला हे पटत नाही. दोन्हींत आवाज दाबला जातो, पण जागा वेगळी.

पेडल सहसा गिटारनंतर लगेच बसतं, म्हणजे प्रीअँपला (अँपच्या पहिल्या टप्प्याला) आधीच सपाट झालेला सिग्नल जातो. सॅग पार शेवटी, पॉवर सप्लायमध्ये घडतो. जोरात स्ट्रोक मारला की पॉवर ट्यूब एकदम जास्त करंट ओढतात, आणि रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) व ट्रान्सफॉर्मरच्या रेझिस्टन्समुळे व्होल्टेज खाली येतं; पंप सुरू होताच घरातला दिवा मंदावतो तसं. स्ट्रोकचं टोक बोथट होतं, मग व्होल्टेज सावरताना सूर फुलतो. हे फुलणंच तर हवं असतं! फेंडरच्या जुन्या ५ई३ डिलक्स अँपमधला ५वाय३ ट्यूब रेक्टिफायर यासाठीच लोकांना आवडतो. त्याऐवजी डायोड रेक्टिफायर असेल तर व्होल्टेज फारसं खाली येत नाही आणि स्ट्रोक घट्ट, ताठ येतो. वेगवान रिफला तोच बरा.

आणि मास्टर व्हॉल्यूम कमी असेल तर सॅग जवळजवळ नाहीच, कारण तेवढा करंटच ओढला जात नाही. इथे इंदूरला रामबागेतल्या फ्लॅटमध्ये रात्री वाजवणाऱ्याला तो कुठून मिळणार?

ट्रान्झिस्टर अँप असेल तर कॉम्प्रेसर डिस्टॉर्शनच्या नंतर लावून बघा. रेशो (किती दाबायचं ते) २:१ ते ३:१, अटॅक (दाबणं लागू व्हायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंदांच्या आसपास. हुबेहूब नाही, पण बोटांना बराच जवळचा वाटतो.